फिरून फिरून सहाच

एकाच मापाची सात नाणी घ्या. एक मधे ठेवा आणि बाकीची त्याला चिकटवून गोल मांडत जा. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहावं नाणं उरलेल्या जागेत बरोब्बर बसतं, अगदी टच्च, ना फट राहते ना कुठलं नाणं बाहेर ढकललं जातं. मोठी नाणी घ्या, छोटी घ्या, बाटल्यांची झाकणं घ्या, कॅरमच्या सोंगट्या घ्या, तेच. मी हे पहिल्यांदा केलं ते फोनवर बोलता बोलता, हाताला चाळा म्हणून, आणि फोन संपल्यावरही मी तिथेच बसून राहिले कारण एकदम मनात आलं की हे ठरवलं कुणी? नाणी पाडणाऱ्याने तर नक्कीच नाही.

उत्तर शाळेतल्या भूमितीतच आहे. तीन सारखी नाणी एकमेकांना चिकटवली आणि त्यांचे मध्यबिंदू जोडले की समभुज त्रिकोण होतो, त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, मधल्या नाण्याभोवतीचा पूर्ण फेरा ३६० चा, म्हणजे सहा त्रिकोण, म्हणजे सहा नाणी. झालं. इतकं सोपं आहे तरी मला ते अजून भारी वाटतं, कारण भागाकारात बाकी शून्य येते आणि ती तशी यायलाच हवी असा काही नियम नाही. हाच खेळ चेंडूंचा करा, म्हणजे एका चेंडूला त्याच मापाचे किती चेंडू एकाच वेळी टेकू शकतील ते बघा, हिशोब लगेच विस्कटतो. बारा बसतात, पण मधे मोकळी जागा उरते, ते बारा चेंडू इकडेतिकडे सरकवता येतात आणि मग वाटायला लागतं की सगळे एका बाजूला दाटले तर तेरावा मावेल की काय. १६९४ मधे न्यूटन आणि गणितज्ञ डेव्हिड ग्रेगरी यांच्यात याच गोष्टीवर बोलणं झालं होतं, न्यूटनचं म्हणणं बारा, ग्रेगरीला तेरावा शक्य वाटत होता, आणि न्यूटनचं बरोबर हे पक्कं सिद्ध व्हायला १९५३ साल उजाडलं. अडीचशे वर्षं! सपाट टेबलावर मात्र वादाला जागाच नाही, सहा म्हणजे सहा.

तेव्हापासून मी सहाच्या मागे लागलेय. मधमाशीचं पोळं, बर्फाचा कण, माशीचा डोळा, लाव्हाचे खांब, बेंझीन या रसायनाची कडी, शनीचा उत्तर ध्रुव, सगळीकडे सहा. आणि जितकं वाचत गेले तितकं एक गोष्ट मला जास्त जास्त पटत गेली, ती सांगायला ही पोस्ट लिहितेय. हा सहा एकाच दारातून येत नाही. कुठे तो नाण्यांसारखा ६० च्या कोनातून येतो, कुठे अणूंच्या हातमिळवणीतून, कुठे तो निव्वळ सरासरी असतो, आणि कुठे चक्क योगायोग. "सहा हा निसर्गाचा गुप्त कोड आहे" अशा टाइपचे फॉरवर्ड येतात ना, त्यात हे सगळे सहा एका माळेत ओवलेले असतात आणि मला वाईट याचं वाटतं की त्यात खरी मजा निघून जाते. खरी मजा प्रत्येक सहाला "तू कुठून आलास" असं विचारण्यात आहे.

पोळ्यापासून सुरुवात करू कारण ते सगळ्यांना माहीत असतं. फरशी एकाच प्रकारच्या नियमित तुकड्यांनी भरायची, मधे फट नको, तर चॉइस तीनच आहेत, त्रिकोण, चौरस, षटकोन. पंचकोनाचा कोन १०८ चा, तीन पंचकोन एका टोकाशी आणले की ३२४ होतात, ३६ अंशांची फट राहते आणि चौथा मावत नाही. आता या तिघांत भिंतीला सामान कमी कशात लागतं? क्षेत्रफळ १ धरलं तर त्रिकोणाची परिमिती ४.५६ येते, चौरसाची ४, षटकोनाची ३.७२. वर्तुळाची ३.५४ असते पण वर्तुळांनी फरशी भरत नाही. मेण काही आयतं मिळत नाही, कामकरी माशी ते खाल्लेल्या मधातून पोटाखालच्या ग्रंथींमधे तयार करते आणि तोंडाने चावून चावून लावते, भिंत एक दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ. तेव्हा काटकसर हवीच. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाने हे लिहून ठेवलंय की माशा षटकोन निवडतात कारण त्यात कमी सामानात जास्त मध मावतो. पण त्याने फक्त या तीन आकारांची तुलना केली होती. वाकड्यातिकड्या, गोलसर, वेगवेगळ्या आकारांची सरमिसळ करून याच्यापेक्षा चांगलं काही निघत नाही ना, हे सिद्ध केलं गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी, १९९९ मधे. म्हणजे माशा जे कायम करत आल्यात त्याचा पुरावा माणसाच्या हाती अगदी विसाव्या शतकाच्या शेवटाला लागला.

पण माशी हे करते कसं यावर अजून एकमत नाही. काही जणांचं म्हणणं घर आधी गोल बांधलं जातं आणि गरम मऊ मेण आपोआप ओढलं जाऊन कोपरे तयार होतात, साबणाच्या फेसासारखं. दुसऱ्यांचं म्हणणं नाही, माशी स्वतः कोन धरून बांधते. मी दुसऱ्या बाजूला जास्त झुकते, त्याचं कारण गांधीलमाशी. ती घर मेणाचं नाही बांधत, लाकडाचा भुगा चावून त्याचा कागद करते, आणि कागद काही गरम होऊन वाहत नाही, तरी तिची घरं षटकोनीच असतात.

आणि एक गोष्ट जी मला फार आवडते. घराचा तळ सपाट नसतो, तीन समभुज चौकोनांचा खोलगट तळ असतो आणि पलीकडच्या बाजूची घरं त्यात खोबणीसारखी बसतात. हा तळ सर्वात काटकसरीचा आहे असं लोक बरीच वर्षं धरून चालले होते. १९६४ मधे फेयेश टोथ या हंगेरियन गणितज्ञाने दाखवून दिलं की तळाचा आकार थोडा बदलला तर मेण अजून किंचित वाचतं, अर्धा टक्कासुद्धा नाही, पण वाचतं. मला हे वाचून माशीबद्दलचं प्रेम वाढलं. वाटलं की तिच्यापुढे गणिताचा पेपर नाही, तिच्यापुढे बांधकाम आहे, आणि ते बांधायलाही सोपं असावं लागतं.

आता बर्फ. १६११ च्या नववर्षाला खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने आपल्या एका आश्रयदात्याला भेट म्हणून एक छोटी पुस्तिका लिहून दिली, विषय काय तर हिमकण सहाच टोकांचे का असतात. प्रागमधे पुलावरून जाताना कोटावर हिमकण पडले आणि भेटीचा विषय सापडला असं त्याने स्वतःच लिहिलंय. पाच का नाही, सात का नाही? त्याने नाण्यांसारखाच विचार केला, सारखे गोळे दाटीवाटीने रचले तर सपाटीवर प्रत्येकाभोवती सहा बसतात, कदाचित बर्फाच्या बारीक थेंबांचंही तसंच असेल. मग पोळं, डाळिंबाचे दाणे, सगळीकडे फिरून आला आणि शेवटी प्रामाणिकपणे हा प्रश्न पुढच्या रसायनवाल्यांवर सोडून दिला. किती मोठं मन लागतं त्याला. त्याच्याकडे रेणू नव्हता, अणूची नीट कल्पना नव्हती, स्फटिकाच्या आत बघायचं साधन तर ३०० वर्षांनी आलं, १९१२ मधे, क्ष-किरणांच्या रूपाने.

आणि आत बघितल्यावर काय दिसलं तर केप्लरचं कारण चुकीचं पण अंदाजाचा रोख बरोबर. बर्फात गोळे दाटीवाटीने बसलेले नसतात, उलट फार ऐसपैस बसलेले असतात. पाण्याचा रेणू चौघांचे हात धरतो, चारच, आणि ते चार हात एका सपाटीत नसून चहू दिशांना पसरलेले असतात. असे सगळ्यांनी हात धरले की कड्या तयार होतात आणि त्या कड्या सहा रेणूंच्या असतात, मधे बरीच पोकळी ठेवून. त्या पोकळीमुळेच पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळेच बर्फ तरंगतो, त्यामुळेच तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. म्हणजे नाण्यांचा सहा दाटीतून आला आणि बर्फाचा सहा मोकळेपणातून. आकडा तोच, पण कारण अगदी उलट! मला हे कळलं त्या दिवशी मी दिसेल त्याला सांगत सुटले होते.

हिमकणाचे फोटो बघताना अजून एक लक्षात ठेवायला हवं. ते सुंदर सहा पाकळ्यांचे फोटो आपण बघतो त्यांची परंपरा सुरू झाली विल्सन बेंटलीपासून, अमेरिकेतल्या व्हरमॉन्टचा शेतकरी, १८८५ मधे १९ व्या वर्षी त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात ५००० च्या वर काढले. पण तो चांगले चांगले निवडून काढायचा. खरे बहुतेक हिमकण वेडेवाकडे, तुटके, एकमेकांत अडकलेले असतात, आणि तापमान बदललं की पाकळ्यांऐवजी सुया किंवा बारीक खांब सुद्धा होतात. सुई असली तरी तिचा छेद षटकोनी निघतो हा भाग वेगळा.

कार्बनपाशी मात्र जपून. कार्बनचा अणुक्रमांक ६. बेंझीनच्या कडीत कार्बन ६. ग्राफाइटचे थर षटकोनी. फॉरवर्डवाले इथे थांबतात आणि टाळ्या वाजवतात. पण अणुक्रमांकाचा ६ आणि कडीचा ६ यांचं एकमेकांशी नातं नाही. अणूत सहा प्रोटॉन असणं ही एक गोष्ट, आणि ग्राफाइटच्या थरात प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना धरतो, एका सपाटीत, १२० अंशांवर, ही दुसरी. कडी सहाची होते ती त्या तीन हातांमुळे. बोरॉन आणि नायट्रोजन, म्हणजे अणुक्रमांक ५ आणि ७, एकाआड एक बसवले तरी तशीच षटकोनी जाळी होते, बोरॉन नायट्राइड म्हणतात त्याला. तिथे सहा प्रोटॉनवाला अणू एकही नाही.

तीन हात. हे लक्षात ठेवा कारण इथूनच माझ्या सगळ्यात आवडत्या सहाकडे जायचंय.

समजा तुम्ही कागदावर कसंही जाळं काढलंत. आकार कसेही, लहानमोठे, तिरकेतारके. अट एकच, जिथे रेषा भेटतील तिथे तीनच भेटायच्या आणि तिघींनी खरोखरचा कोपरा करायचा. आता प्रत्येक चौकात, म्हणजे खरं तर तिकाटण्यावर, तीन कोन आहेत आणि त्यांची बेरीज ३६०. म्हणजे सरासरी कोन १२० चा. आता सांगा, कुठल्या बहुभुजाचा सरासरी कोन १२० असतो? पंचकोनाचा १०८, सप्तकोनाचा साधारण १२८.५, आणि षटकोनाचा १२०. म्हणजे एवढ्या मोठ्या जाळ्यात एखादं घर पाच बाजूंचं झालं तर कुठेतरी सातचं व्हावंच लागतं, चारचं झालं तर कुठे दोन साताचे नाहीतर एक आठचं, आणि सगळ्यांची सरासरी जाऊन थांबते सहावर. कुणी ठरवलं नाही, कुणी काटकसर केली नाही, दाटी नाही, ओढ नाही. निव्वळ जमाखर्च. हे ऑयलरच्या सूत्रातून येतं, १८ व्या शतकातलं गणित, पण ते समजायला वरची चार वाक्यं पुरतात.

हे कळल्यावर जगाकडे बघायची माझी नजरच बदलली. उत्तर आयर्लंडमधे जायंट्स कॉजवे म्हणून जागा आहे, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ४०,००० च्या आसपास खांब समुद्राकाठी उभे आहेत, एकाला एक लागून, वरून फरशी घातल्यासारखे. सगळे षटकोनी असं आपण ऐकतो पण फोटो झूम करून मोजा, पाचचे भरपूर आहेत, सातचेही आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि वरच्या पृष्ठभागावर तडे जातात. पहिले तडे कसेही जातात, एक मोठा तडा गेला की दुसरा त्याला काटकोनात येऊन मिळतो, टी अक्षरासारखा. पण थंडी जसजशी आत उतरते तसतसा तडाही थांबत थांबत खाली उतरतो, आणि प्रत्येक टप्प्याला त्याची जागा थोडी थोडी सरकते, टी चा हळूहळू वाय होतो. तीन तडे, १२० च्या आसपास. आणि एकदा सगळीकडे वाय झाले की वरचा जमाखर्च लागू! सरासरी सहा. चिखलाचंही तसंच आहे, एकदाच वाळलेल्या चिखलात काटकोनातले तडे आणि चौकोनी ढेपा जास्त दिसतात, आणि तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून वाळला की त्याचे षटकोन व्हायला लागतात. सहा हा तिथे अनुभवाने आलेला आहे असं मला म्हणावंसं वाटतं.

हे सगळं वाचून मला राहवेना म्हणून मी घरी एक प्रयोग केला. फोटोफ्रेमच्या दोन काचा घेतल्या, मधे चार कोपऱ्यांना तीच नाणी ठेवली म्हणजे साधारण नाण्याच्या जाडीएवढी फट राहील, कडेने साबणाचं पाणी सोडलं आणि स्ट्रॉने फुंकलं. दोन काचांमधे बुडबुड्यांचा एकच थर तयार झाला, वरून बघितलं की नुसतं जाळं, कुठेही चार भिंती एकत्र येत नाहीत, सगळीकडे तीनच. (चार आल्या तर क्षणात सटकून दोन तिकाटणी होतात, हे डोळ्याने दिसतं, अगदी चुटकीसरशी.) मग मोबाइल स्टँडला लावून टाइमलॅप्सवर ठेवला आणि समोर बसले.

१९५२ मधे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी या सपाट फेसाबद्दल एक नियम मांडला, धातूंच्या कणांवर चर्चा चालू होती तिथे. बुडबुड्याला सहापेक्षा कमी बाजू असतील तर तो आकसत जातो. जास्त असतील तर वाढत जातो. बरोबर सहा असतील तर त्याचं क्षेत्रफळ बदलत नाही. बुडबुडा केवढा आहे याच्याशी काहीही संबंध नाही, फक्त बाजू मोजायच्या! कारण असं की भिंती १२० अंशांवरच भेटायच्या हे ठरलेलं आहे, पाच बाजूंच्या बुडबुड्याला तो कोन गाठायचा तर भिंती बाहेर फुगवाव्या लागतात, म्हणजे आत दाब जास्त, म्हणजे त्याची हवा पातळ भिंतीतून शेजाऱ्यांकडे झिरपते. सात बाजूंच्याच्या भिंती आत वाकतात आणि हवा त्याच्याकडे येते. सहाच्या भिंतींचं येणंजाणं फिटतं.

वाचलेलं वेगळं आणि बघणं वेगळं. मी एक पाच बाजूंचा बुडबुडा धरून ठेवला होता नजरेत, चांगला अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याच्याशेजारी एक बारका सात बाजूंचा. मला आतून वाटत होतं की मोठा कशाला संपेल. पाऊण तासात मोठा हळूहळू मिटत आला, एक भिंत गळाली, चार बाजू राहिल्या, मग तीन, त्रिकोण झाल्यावर मात्र तो भराभर बारीक होत गेला आणि टिंब होऊन नाहीसा झाला, काही आवाज नाही, फुटणं नाही. आणि तो बारका सात बाजूंचा तेवढ्या वेळात दुप्पट झाला होता. टाइमलॅप्समधे तर असं दिसतं की जणू सगळे मोजदाद करतायत.

आता याच जमाखर्चाचा दुसरा भाग. सपाट कागदावर सहा चालतो. पण नुसत्या षटकोनांनी गोळा बंद करून दाखवा. नाही होत, कधीच होत नाही, हजार घ्या की लाख. तीन रेषांचं तेच जाळं गोळ्यावर चढवलं आणि फक्त पाच आणि सहा बाजू वापरायच्या असतील तर पंचकोन लागतात बरोबर बारा. अकरा नाही, तेरा नाही. जुन्या पद्धतीचा काळापांढरा फुटबॉल मोजून बघा, काळे पंचकोन १२, पांढरे षटकोन २०. १९८५ मधे क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना ६० कार्बनचा एक रेणू सापडला, तो हुबेहूब तसाच, १२ पंचकोन २० षटकोन, आणि १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. त्याहून मोठे कार्बनचे बंद पिंजरे आहेत, ७० अणूंचे, ८४ अणूंचे, षटकोन वाढत जातात, पंचकोन मात्र बाराच. बऱ्याच विषाणूंची प्रथिनांची कवचं अशीच असतात, सहासहाच्या गटांमधे बारा ठिकाणी पाचाचा गट. एचआयव्हीचं आतलं कवच तर निमुळतं असतं, शंकूसारखं, तिथे ते बारा पंचकोन सात एका टोकाला आणि पाच दुसऱ्या टोकाला असे वाटलेले असतात. विषाणूला भूमिती शिकवायला कुणी गेलं नव्हतं, पण कवच बंद करायचं तर बारा ठिकाणी सहा सोडावाच लागतो. मला विचाराल तर सहाची खरी ओळख इथे पटते, तो जिथे अडतो तिथे.

बाकीचे सहा जरा झरझर सांगते. माशीचा डोळा जवळून बघितला की हजारो षटकोनी भिंगं दिसतात, ही नाण्यांची दाटी. पण कोळंबी आणि लॉबस्टरच्या डोळ्यातली भिंगं चौरस असतात, कारण ते प्रकाश आरशासारख्या भिंतींवरून परावर्तित करून एकत्र आणतात आणि त्याला काटकोन लागतो, म्हणजे काम बदललं की सहा गेला. मेंदूतही सहा सापडलाय, २००५ मधे नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाला उंदरांच्या मेंदूत अशा पेशी मिळाल्या ज्या उंदीर मोकळ्या जागेत फिरताना ठरावीक ठिकाणीच पेटतात, आणि ती ठिकाणं नकाशावर टिपली तर प्रत्येक बिंदूभोवती सहा बिंदू, समान अंतरावर. २०१४ चं नोबेल. हे वाचून मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं. जमीन मोजायची पट्टी म्हणून मेंदूनेही तेच नाण्यांचं जाळं घेतलं.

आणि शेवटी शनी, कारण तो यातल्या कुठल्याच दारात बसत नाही. त्याच्या उत्तर ध्रुवावर ढगांचा एक षटकोन आहे, व्हॉयेजर यानांनी १९८० आणि ८१ मधे काढलेल्या फोटोंमधून १९८८ मधे डेव्हिड गॉडफ्री यांनी तो ओळखला, आणि नंतर कॅसिनी यानाने त्याचे अप्रतिम फोटो पाठवले. एकेक बाजू पृथ्वीच्या व्यासापेक्षा मोठी. मी आधी याला पोळ्याच्या रांगेत बसवत होते, पण इथे शेजारीच कुणी नाही, दाटायचं कुणाशी? हा एकच एक षटकोन आहे, ध्रुवाभोवती जोरात वाहणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्याला पडलेली लाट, आणि त्या फेऱ्यात लाटेचे सहा वेढे मावलेत. प्रयोगशाळेत फिरत्या भांड्यातल्या पाण्यात असे पट्टे तयार केले तर वेग बदलून त्रिकोणही मिळतो, चौकोनही मिळतो. शनीच्याच दक्षिण ध्रुवावर षटकोन नाही. आणि गुरूवर जूनो यान पोचलं तेव्हा उत्तर ध्रुवाभोवती आठ वादळं दिसली आणि दक्षिणेला पाच. म्हणजे शनीचा सहा हा नाण्यांच्या सहासारखा अटळ नाही, तो दुसरा कुठलाही आकडा असू शकला असता. मला तो कमी आवडतो असं नाही, उलट त्या फोटोकडे मी कितीही वेळ बघू शकते, पण त्याला बर्फाच्या आणि पोळ्याच्या माळेत ओवताना हात थांबतो.

काचांमधला फेस मी रात्रभर तसाच ठेवला होता. झोपायच्या आधी एक सहा बाजूंचा बुडबुडा बघून ठेवला, काचेवर बाहेरून मार्करने त्याच्याशेजारी टिंब केलं. दोन तास व्हिडिओत तो जवळपास तेवढाच दिसतो, भिंती जरा हलतात, आकार डुलतो, पण मोठाही नाही लहानही नाही. मग त्याच्या उजवीकडचा एक त्रिकोणी शेजारी संपतो. शेजारी संपला की त्याला लागून असलेल्या तिघांची एकेक भिंत जाते. माझ्या टिंबाजवळच्याला आता पाच बाजू उरल्या. पुढच्या दोन-तीन फ्रेममधे काहीच कळत नाही, आणि मग त्याच्या भिंती हळूच बाहेर फुगायला लागतात.